सशांना घरे दोन हवीत

घरभेटीला गेलो असता हल्ली काही घरी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी सशांचा पिंजराही दिसतो. मुलांच्या हट्टाखातर बाजारातून ‘जोडी’ आणली जाते आणि एकट्याला करमणार नाही म्हणून नर व मादी एकत्र ठेवली जातात. हेतू चांगला असतो, पण त्याचे भोग मादीच्या वाट्याला येतात. आमच्याकडूनही हीच चूक घडली आहे. ती आधी सांगतो.

२०१८ साली एका कुटुंबाने आम्हाला दोन पांढरे ससे भेट दिले. “फादर, दोन्ही माद्याच आहेत,” असे देणाऱ्याने सांगितले आणि आम्ही खात्री करून घेतली नाही. काही दिवसांनी एका सकाळी पिंजऱ्यात सहा पिल्ले दिसली. धर्मशिक्षणाला येणाऱ्या मुलांना कोण आनंद झाला! आम्हीही कौतुक केले, पण नराला मात्र तेथेच राहू दिले. महिन्याने पुन्हा सात पिल्ले झाली. तिसऱ्या वेताच्या वेळी मादी इतकी वाळली होती की पाठीचा कणा हाताला लागत होता. ती व्याली आणि दुसऱ्या दिवशी मेली. मागोमाग ती पिल्लेही गेली. “फादर, ती का मेली?” असे मुलांनी विचारले. आमच्या निष्काळजीपणामुळे, एवढेच खरे उत्तर आमच्याजवळ होते.

महिन्याचा हिशेब

गाय-म्हैस ठरावीक दिवसांनी माजावर येते. सशाच्या मादीचे तसे नाही. नराचा संग झाल्यानंतरच तिच्या पोटात बीज सुटते, म्हणून ती बहुधा केव्हाही गाभण राहू शकते. संग काही क्षणांत उरकतो. “थोडा वेळ एकत्र सोडू आणि लक्ष ठेवू,” या म्हणण्याला त्यामुळे अर्थ नाही. मादी सुमारे ३१ दिवसांनी विते आणि व्याली त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. एक वेत अंगावर पीत असते आणि दुसरे पोटात वाढत असते. कोणत्या आईचे शरीर हे फार दिवस सोशील?

दर वेताला सहा पिल्ले धरली, तरी पाच महिन्यांत तीस होतात. तोवर पहिल्या वेतातील माद्याही वयात आलेल्या असतात. जनावराला भाऊ-बहीण, आई-मुलगा हे नाते कळत नाही. ते आपणच ओळखून पिल्ले वेगळी केली पाहिजेत.

नर-मादी कशी ओळखावी?

विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. सशाला मांडीवर उताणे धरून, मागच्या भागाला नीट आधार देऊन, मूत्रद्वाराशेजारची कातडी बोटांनी हलकेच दाबावी. नराचे द्वार गोल दिसते व नळीसारखे वर येते. मादीचे उभ्या चिरेसारखे दिसते. लहान पिल्लांत हे ओळखणे कठीण असते. अडीच-तीन महिन्यांनंतर नराचे वृषण दिसू लागतात, पण भ्यालेला नर ते आत ओढून घेतो. शंका असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

वेगळे केव्हा व कसे करावे?

पिल्ले सहा आठवडे आईजवळ असू द्यावीत. नर पिल्ले मात्र दहा आठवड्यांच्या आत आईपासून व बहिणींपासून वेगळी करावीत. लहान जातीचे ससे साडेतीन-चार महिन्यांतच वयात येतात, म्हणून चालढकल नको. मादी गाभण असेल, तर ती विण्यापूर्वीच नर बाहेर काढावा. तिला पेंढा घातलेला खोका द्यावा. ती पोटाचे केस उपटून पिल्लांसाठी मऊ अंथरूण करते. दिवसातून एकदा-दोनदाच ती पाजते. त्यामुळे तिने पिल्ले टाकली असे समजून त्यांना उगाच हाताळू नये.

एका सशाला निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि मागच्या पायांवर उभे राहता येईल इतका उंच पिंजरा हवा. रोज थोडा वेळ त्याला मोकळे फिरू द्यावे, पण नर व मादीच्या वेळा निरनिराळ्या ठेवाव्यात. दोन्ही पिंजरे सावलीत, एकमेकांना दिसतील असे ठेवावेत, म्हणजे सोबतही राहते. मध्ये मात्र हातभर अंतर असावे. जाळीला जाळी लागली, तर जाळीतूनही संग होऊ शकतो. एकत्र वाढलेल्या बहिणी बहुधा एकत्र नांदतात. वयात आलेले दोन नर एकमेकांना रक्तबंबाळ करतात, त्यांना निराळेच ठेवावे.

नराला पशुवैद्याकडून खच्ची करून घेता येते. पण त्यानंतरही सुमारे सहा आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते. तेवढे दिवस दोन पिंजरे हवेतच.

गर्दी झाली की खरूज व नायटा पसरतो. नायटा मुलांनाही लागतो, म्हणून ससा हाताळल्यावर मुलांना साबणाने हात धुवायला लावावेत.

शेतात सोडू नका

पिल्ले फार झाली म्हणून कोणी ती रात्री शेतात सोडून देतात. आपल्या शिवारातला रानससा वेगळा आणि पिंजऱ्यातला ससा वेगळा. पाळीव सशाला कुत्र्या-मांजरांपासून पळणे ठाऊक नसते, तो बहुधा दोन दिवसही टिकत नाही. जेथे ससे टिकले, तेथे उलटेच संकट आले. ऑस्ट्रेलियात १८५९ साली एका जमीनदाराने शिकारीसाठी दोन डझनांच्या आसपास ससे सोडले. त्यांच्या संततीने पुढे त्या खंडातील कुरणे व पिके फस्त केली. तेथील शेतकरी आजही त्यांच्याशी झुंजत आहेत.

दोन पिंजऱ्यांना थोड्या फळ्या, थोडी जाळी आणि एका दुपारची मेहनत लागते. आम्ही ती मेहनत मादी मेल्यावर घेतली. आपल्या घरी ससे असतील, तर आज संध्याकाळी चारा घालताना त्यांना एकदा उचलून नीट पाहा.