ग्रंथवाचन तीन महिने टिकते, मग व्यायाम तीन आठवड्यांत का सुटतो?

१ जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदना देऊन परतताना आमच्या गटातल्या नऊ जणांनी ठरवले, उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला मैदानावर पळायला जायचे. गाडीतच व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. तिघांनी नवे बूट घेतले. पहिल्या आठवड्यात नऊच्या नऊ आले, दुसऱ्या आठवड्यात पाच, आणि २६ जानेवारी उजाडेपर्यंत ग्रुपवर फक्त सुप्रभातचे फोटो येत होते. त्या नऊ जणांत मीही होते.

याच नऊपैकी सहा जण आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी वस्तीतल्या विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला बसतात. बाहेर पाऊस असो, लाईट गेलेली असो, दिवसभराच्या कामाने अंग दुखत असो, वाचन होते. म्हणजे ही माणसे आळशी नाहीत. रोजची गोष्ट रोज कशी करायची हे त्यांना येते. तरीही व्यायाम तीन आठवड्यांत सुटतो. असे का होते आणि त्यावर काय करता येईल, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

हा प्रश्न आपल्यासाठी किरकोळ नाही

आपल्या आजोबांची पिढी गिरणीत, रेल्वेत, पालिकेच्या सफाईत, बांधकामावर, दुसऱ्याच्या शेतात राबली. त्यांच्या दृष्टीने व्यायाम म्हणजे पोट भरलेल्या लोकांचा उद्योग होता, आणि त्यांचे चुकत नव्हते. दिवसभर ओझी वाहिलेल्या माणसाला संध्याकाळी विश्रांतीच हवी असते. पण आपण शिकलो. बँकेत, शाळेत, कॉल सेंटरमध्ये, संगणकापुढे बसू लागलो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली अभ्यासिकेत दहा-बारा तास एका खुर्चीवर असतात. कष्ट सुटले ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र घरात चालत आलेला विचार तोच राहिला आणि जेवणही तेच राहिले.

बसून राहण्याचा परिणाम काय होतो, हे १९५३ सालीच दिसले होते. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास केला. चालक दिवसभर बसून असत, तर वाहक तिकिटे देत सतत जिने चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले.

आज भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणाचा अंदाज सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांच्या २०२४ च्या अहवालानुसार आपल्या देशातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांमध्ये ५७ टक्के आहे.

त्यात कार्यकर्त्यांची दिनचर्या आणखी वाईट. रात्री अकराला संपणारी बैठक, त्यानंतर वडापाव, दिवसाला सात-आठ चहा, चार-पाच तास झोप. मी ज्यांच्याकडून वस्तीत काम करायला शिकले ते दादा ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले. शोकसभेत आम्ही सगळ्यांनी ‘चळवळीची न भरून येणारी हानी’ हे शब्द वापरले. शेवटच्या दोन वर्षांत जिना चढताना त्यांना दम लागत होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होते. त्यांना कोणी दवाखान्यात नेले नाही.

बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने ते अखेरच्या काळात त्रस्त होते. १९५६ साली वयाच्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ‘आणखी दहा वर्षे लाभली असती तर’ हे वाक्य आपण प्रत्येकाने कधी ना कधी उच्चारले आहे. तो काळ वेगळा होता, उपचार मर्यादित होते आणि त्यांच्यावरचा कामाचा भार कल्पनेपलीकडचा होता. आपल्याला मात्र रोज अर्धा तास काढता येत नाही असे म्हणण्याजोगे काही कारण नाही.

इच्छा पुरेशी का पडत नाही?

आपण समजतो की आधी प्रेरणा हवी, मग व्यायाम होईल. म्हणून आपण भाषणे ऐकतो, पिळदार शरीराचे व्हिडिओ पाहतो. त्याने दोन दिवस उत्साह येतो आणि तिसऱ्या दिवशी झोप जिंकते.

ब्रिटनमधील विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला व्यायामाचे महत्त्व आणि हृदयविकाराचा धोका समजावून सांगितला. दुसऱ्या गटाला तेच सांगितले, शिवाय ‘मी कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करीन’ हे लिहून काढायला लावले. पुढच्या आठवड्यात पहिल्या गटातील सुमारे ३५ टक्के विद्यार्थ्यांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटात हे प्रमाण ९१ टक्के होते. केवळ समजावून सांगण्याचा फारसा उपयोग झाला नाही, वेळ आणि जागा ठरवल्यावर झाला.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हेही असेच एक ऐकीव वाक्य. लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला लागणारा मधला काळ ६६ दिवसांचा निघाला. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. रोज पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टींपेक्षा व्यायामाला जास्त काळ लागला. आणि महत्त्वाचे म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आमचा जानेवारीचा गट २१ दिवसही टिकला नाही. वर्षावासाचे मात्र सुमारे ९० दिवस होतात.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. भरपेट जेवून धापा टाकत तो बुद्धांकडे येतो. जागरूक राहून प्रमाणात खाणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि तो आयुष्य जपतो, अशा अर्थाची गाथा बुद्ध त्याला सांगतात. राजा पुढे जे करतो ते लक्षात घेण्यासारखे आहे. तो स्वतःच्या निश्चयावर विसंबत नाही. सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावतो आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखवण्यासाठी त्याला दिवसाला शंभर कार्षापण देतो. हळूहळू राजाचा आहार बेताचा होतो आणि शरीर हलके होते. उपदेश राजाने आधीच ऐकला होता. नेमक्या वेळी आठवण करून देणारा माणूस शेजारी उभा राहिला तेव्हा तो अंगी लागला.

ग्रंथवाचनात असे काय असते?

आमचा फसलेला गट आणि टिकणारे ग्रंथवाचन मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. वाचनाची वेळ ठरलेली असते आणि ती लोकांच्या सोयीची असते. जागा घरापासून दोन मिनिटांवर असते. कोणीतरी वाट पाहत असते. आपण दिसलो नाही तर दुसऱ्या दिवशी काकू विचारतात, ‘काल का गं नाही आलीस?’ रोज वाचायचा भाग थोडा असतो. एक दिवस चुकला तरी पुन्हा येऊन बसायला लाज वाटत नाही.

पळण्याच्या गटात यातले काहीच नव्हते. रात्री बारापर्यंत जागणाऱ्यांनी पहाटे साडेपाचची वेळ घेतली होती. मैदान दोन किलोमीटर लांब. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळायचे ठरले, त्यामुळे मागे राहणारे खजील झाले. ज्याचा एक दिवस चुकला त्याची ग्रुपवर थट्टा झाली आणि तो परत आलाच नाही.

विहाराच्या अंगणातून सुरुवात

पुढच्या वर्षावासात आम्ही एकच बदल केला. वाचनाच्या अर्धा तास आधी विहाराच्या अंगणात जमायचे आणि वस्तीच्या मोठ्या रस्त्याने चालायचे. पहिला आठवडा फक्त दहा मिनिटे. बूट, ट्रॅकसूट असे काही नाही. साडी, पंजाबी ड्रेस, लुंगी, जे अंगावर असेल ते. सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने सगळ्यांनी चालायचे. आला नाही त्याला टोमणा मारायचा नाही, फोन करायचा.

पहिल्या दिवशी सात जण होते. महिन्याभरात रोज बारा-पंधरा जण येऊ लागले. त्यात निम्म्याहून अधिक बायका होत्या, ज्या पहाटेच्या मैदानावर कधीच आल्या नसत्या.

मात्र सगळे सुरळीत झाले असे नाही. आश्विन पौर्णिमेला वाचन संपले आणि पंधरा दिवसांत चालणेही ओसरले. आमची सवय वाचनाच्या खुंटीला टांगलेली होती. खुंटी निघाली, सवय खाली पडली. मग प्रत्येकाने आपापली नवी खुंटी शोधली. एक जण कामावरून येताना बसच्या एक थांबा आधी उतरू लागला. दोघी जणी मुलांना शिकवणीला सोडून परत येण्याऐवजी तो तास चालण्यात घालवू लागल्या. मी सकाळचा चहा चालून आल्यावरच घ्यायचा असे ठरवले. आज आम्ही आठ जण नियमित आहोत. जानेवारीच्या शून्यापेक्षा आठ बरे.

बायकांच्या वेळेचा प्रश्न

‘घरात दिवसभर पायांना भिंगरी असतेच की, वेगळा व्यायाम कशाला?’ असे अनेक घरांत म्हटले जाते. घरकाम ही मेहनत आहे, त्यात शंका नाही. पण ओट्यापुढे तासन्‌तास उभे राहण्याने दम वाढत नाही, उलट कंबर आणि टाचा दुखतात. स्त्रियांमध्ये हालचालीचे प्रमाण कमी असण्यामागे इच्छेचा अभाव नाही. मोकळी वेळ, सुरक्षित रस्ता आणि ‘ही कुठे निघाली?’ असे न विचारणारी माणसे, या तिन्हींचा अभाव आहे. संध्याकाळचा तो अर्धा तास आईला किंवा बायकोला मिळावा असे वाटत असेल, तर कुकर आपण लावायला हवा. समतेवर भाषण करणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांच्या घरांतही ही गोष्ट आपोआप होत नाही.

नेमके किती आणि कसे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. १० हजार पावलांचा आकडा मात्र एखाद्या वैद्यकीय नियमातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. तेवढी पावले होत नाहीत म्हणून चालणे सोडू नये.

सुरुवातीसाठी एवढे पुरे आहे:

– कागदावर एक वाक्य लिहा: ‘अमुक काम झाल्यावर, अमुक ठिकाणी, मी दहा मिनिटे चालीन.’ ‘सकाळी’ असे मोघम लिहू नका.

– वेग ओळखायची सोपी खूण: चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

– दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. उत्साहाच्या भरात एकदम दुप्पट करू नका.

– बळासाठी जिमची फी लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, भिंतीला हात टेकून दहा जोर. जमू लागले की जमिनीवरचे जोर-बैठका.

– अभ्यासिकेत बसणाऱ्यांनी दर तासाला उठून पाच मिनिटे फिरावे. एक जिना चढून उतरला तरी चालेल.

– पहिले दोन महिने वजनकाट्याकडे पाहू नका. वजन उशिरा उतरते आणि माणूस निराश होतो. झोप कशी लागते, जिना चढताना दम किती लागतो, चिडचिड कमी झाली का, हे पाहा. हे बदल लवकर कळतात.

– एक दिवस चुकला तर चुकू द्या. दुसरा दिवस मात्र सोडू नका.

छातीत दुखत असेल, थोड्या श्रमानेही दम लागत असेल, मधुमेहाचे इन्सुलिन किंवा रक्तदाबाची औषधे सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. दादांच्या बाबतीत आमच्याकडून राहिलेली ही गोष्ट तुमच्याकडून राहू नये.

चंक्रमण आपल्याला नवे नाही. चालण्याचे पाच लाभ बुद्धांनी अंगुत्तर निकायात सांगितले आहेत: प्रवास झेपतो, परिश्रम झेपतात, आरोग्य राहते, अन्न पचते आणि चित्ताची एकाग्रता दीर्घकाळ टिकते.

विहार समित्यांना एक विनंती आहे. येत्या वर्षावासाचा फलक लिहाल तेव्हा ग्रंथवाचनाच्या वेळेच्या वर एक ओळ वाढवा: ‘त्याआधी अर्धा तास सर्वांनी मिळून चालणे.’ आणि आश्विन पौर्णिमा झाली म्हणून ती ओळ पुसू नका.

जयभीम.