खात्यातून पैसे गेले, मशीनमधून नोटा आल्याच नाहीत! प्रोसेसच्या आकृतीत बिघाडाची वाट का हवी?

एटीएममध्ये कार्ड घातलं, पिन टाकला, मोबाईलवर पैसे कापल्याचा मेसेजही आला. पण नोटा बाहेर आल्याच नाहीत. अशा वेळी ग्राहकाला एकच प्रश्न पडतो, पैसे परत कधी मिळणार? त्याचं उत्तर मशीनसमोर उभं राहून मिळत नाही. बँकेने कामाची आखणी करताना बिघाडाचा विचार किती केला होता, यावर ते ठरतं.

कामाचे टप्पे कागदावर मांडण्यासाठी जगभर ‘बीपीएमएन’ ही चिन्हांची पद्धत वापरली जाते. ‘ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप’ या संस्थेने तिची २.० ही आवृत्ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. चिन्हं सोपी आहेत. गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे एक काम. शंकरपाळ्याच्या आकाराचं चिन्ह म्हणजे फाटा. पातळ रेषेचं वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड रेषेचं म्हणजे शेवट.

बहुतेक ठिकाणी आकृती काढताना फक्त सरळ वाट काढली जाते. पिन तपासा, शिल्लक पाहा, खात्यातून रक्कम कमी करा, नोटा द्या, संपलं. मधेच काही अडलं तर पुढे काय, याचा त्यात पत्ताच नसतो. मग ते काउंटरवरचा कर्मचारी त्या त्या वेळी ठरवतो आणि ग्राहकाला हेलपाटे पडतात.

प्रत्येक ‘नाही’ म्हणजे बिघाड नव्हे

खात्यात शिल्लक नसणं हा बिघाड नाही. ते तपासणीचं अपेक्षित उत्तर आहे. त्यासाठी शंकरपाळ्याचा फाटा पुरतो: शिल्लक आहे, पुढे जा, नाही, व्यवहार थांबवा.

नोटा मशीनमध्ये अडकणं मात्र वेगळं. इथे कामच पुरं होऊ शकलं नाही. अशा वेळी ‘नोटा देणे’ या चौकटीच्या कडेवर दुहेरी रेषेचं वर्तुळ काढून त्यात विजेसारखी नागमोडी खूण करतात. हे ‘एरर’चं चिन्ह. तो बिघाड झाला की ते काम तिथेच थांबतं आणि वर्तुळातून निघणाऱ्या दुसऱ्या वाटेने प्रवास सुरू होतो. या दोन्ही गोष्टी एकाच फाट्यात कोंबल्या, तर बिघाड कुठला आणि नेहमीचा नकार कुठला, हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

झालेलं काम उलटं फिरवायचं

नोटा अडकल्या तेव्हा खात्यातून रक्कम कमी करण्याचं काम आधीच पुरं झालेलं असतं. ते पुसता येत नाही, त्याची उलट नोंद करावी लागते. यासाठी ‘कॉम्पेन्सेशन’चं चिन्ह आहे, टेपरेकॉर्डरच्या रिवाइंड बटणासारखे दोन त्रिकोण. ‘रक्कम कमी करणे’ या चौकटीला ‘रक्कम परत जमा करणे’ हे काम त्या चिन्हाने जोडलं जातं. नियम एकच: जे काम पुरं झालं, तेच उलटं फिरवता येतं.

सगळ्यात अवघड: उत्तरच न येणं

नोटा देतानाच लाईन गेली तर? नोटा बाहेर पडल्या की नाही, हे बँकेच्या कॉम्प्युटरला कळतच नाही. लगेच रक्कम परत केली आणि नोटा आधीच निघालेल्या असल्या, तर बँकेचं नुकसान. काहीच केलं नाही, तर ग्राहकाचं. म्हणून इथे कडेवर घड्याळाचं चिन्ह लावतात. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही की वाट थेट उलट नोंदीकडे न जाता ताळमेळाकडे जाते. मशीनमधली रोकड आणि नोंदी जुळवून पाहिल्यावरच पुढचा निर्णय होतो.

मुदत कुणाची, जबाबदारी कुणाची?

ताळमेळ किती दिवस चालावा, याला बंधन आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एटीएममधून रोकड न येता खात्यातून पैसे कापले गेले, तर व्यवहाराच्या तारखेनंतर ५ दिवसांत ते आपोआप परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. यूपीआयने पाठवलेले पैसे समोरच्याच्या खात्यात पोचले नाहीत, तर हीच मुदत १ दिवसाची आहे.

आकृतीत ही मुदतही दिसायला हवी. ‘ताळमेळ’ या चौकटीच्या कडेवर तुटक रेषेचं घड्याळ काढलं, तर पाचवा दिवस उलटला तरी ताळमेळ थांबत नाही. शेजारून भरपाईची दुसरी वाट सुरू होते. हेच घड्याळ अखंड रेषेने काढलं, तर ताळमेळच बंद पडल्याचा अर्थ निघतो. एका रेषेचा फरक, पण काम पार बदलतं.

बेळगावच्या बँकेचं कार्ड कोल्हापुरात दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये वापरलं, तर दोन बँका आणि मधलं नेटवर्क असे तिघे येतात. आकृतीत प्रत्येकाची वेगळी पट्टी असते. बिघाडाची वाट कुणाच्या पट्टीत जाते, तेही स्पष्ट हवं. नाहीतर ‘त्या बँकेला विचारा’ हेच उत्तर मिळत राहतं.

आकृती तपासताना काय पाहावं?

पतसंस्था असो, दूध संघ असो की दवाखान्याचं बिलिंग, प्रत्येक चौकटीला हे चार प्रश्न विचारता येतात:

- हे काम अडलं तर वाट कुठे जाते?
- आधी झालेलं काय उलटं फिरवायचं?
- उत्तर आलंच नाही तर किती वेळ थांबायचं?
- पुढची जबाबदारी कुणाची?

ग्राहकांनीही एटीएमची पावती, मेसेज आणि तारीख जपून ठेवावी. मुदतीत पैसे किंवा भरपाई जमा झाली नाही, तर आधी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.