छत्रीचा कल आणि उपग्रहाची दिशा

चंदीगढमधील एखाद्या गच्चीवर उभे राहून उपग्रहाचे कार्यक्रम ग्रहण करणाऱ्या छत्र्यांकडे पाहिले असता एक विसंगती ध्यानात येते. हे नगर सुमारे ३०.७ अंश उत्तर अक्षांशावर वसले आहे. २०१५ साली सोडलेला जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर ठेवण्यात आला. गणित केल्यास हे स्थान चंदीगढहून आग्नेयेच्या किंचित दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ५० अंश उंचीवर येते. तेथे रोखलेल्या छत्रीची तबकडी मात्र जेमतेम २५ अंश वर पाहात असल्यासारखी भासते. मग मधले २५ अंश गेले कोठे?

याचे उत्तर अन्वस्ताच्या भूमितीत आहे. अन्वस्त आपल्या अक्षाभोवती फिरविला म्हणजे वाटीसारखे पृष्ठ उत्पन्न होते. अक्षास समांतर येणारे तरंग या पृष्ठावरून परावर्तित होऊन नाभी नावाच्या एकाच बिंदूत मिळतात. त्या सर्वांनी तोडलेले अंतर सारखे असल्यामुळे ते परस्परांस पोषकच ठरतात. हा गुण पृष्ठाच्या प्रत्येक भागाच्या अंगी असतो. म्हणून वाटीचा एका बाजूचा तुकडा कापून घेतला, तरी त्याची नाभी मूळच्याच जागी राहते. अशा तुकड्यास ऑफसेट, म्हणजे मध्यापासून बाजूस सरलेला, परावर्तक म्हणतात.

असा तुकडा घेण्याचे कारण सावली हे होय. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ३० परावर्तकांत ग्राहक मध्यभागी, चार पायांच्या आधारावर बसविलेला आहे. परावर्तकाचा व्यास ४५ मीटर असल्याने ग्राहकाची सावली त्यामानाने लहान ठरते. परंतु ६० सेंटिमीटरच्या छत्रीपुढे १० सेंटिमीटर व्यासाचा ग्राहक आला, तर छत्तिसावा भाग झाकला जातो. शिवाय त्यावर आदळलेले तरंग भलत्याच दिशांस विखुरतात. त्याच न्यायाने शेजारच्या उपग्रहाचे तरंग ग्राहकात शिरण्यास वाट मिळते. ऑफसेट रचनेत ग्राहक खालच्या कडेजवळ, तरंगांच्या वाटेबाहेर राहतो. तबकडी अधिक उभी असल्याने तिच्यात पावसाचे पाणीही साचत नाही.

आता तुकडा कसा कापावा ते पाहू. मूळ वाटीच्या अक्षास समांतर, परंतु अक्षापासून बाजूस सरलेला एक गोल नळ कल्पावा. तो वाटीस जेथे छेदील, तेथे तबकडीची कड मिळते. ही कड एकाच प्रतलात असून तिचा आकार लंबवर्तुळ असतो. उपग्रहाच्या दिशेने पाहिल्यास मात्र ती वर्तुळच दिसेल. अशा रीतीने घडविलेल्या छत्रीची रुंदी ६० आणि कललेल्या कडेवरून मोजलेली उंची ६६ सेंटिमीटर भरली, तर रुंदीस उंचीने भागून ०.९१ ही संख्या येते. ज्याची कोज्या एवढी आहे तो कोन सुमारे २५ अंशांचा होय. हेच आपले हरवलेले २५ अंश!

या लाभाचे मोलही द्यावे लागते. परावर्तकाची सममिती भंगल्यामुळे आडव्या ध्रुवणाच्या तरंगात थोडे उभे ध्रुवण मिसळते आणि दोन्ही ध्रुवणांवरील वाहिन्यांची सरमिसळ होऊ लागते. नाभी दूर ठेवून तबकडी उथळ केल्यास हा दोष घटतो. परंतु मग ग्राहकाचा दांडा लांबतो व डळमळू लागतो. या दोहोंचा मेळ घालणे हेच अभिकल्पकाचे खरे कौशल्य. अमेरिकेतील ग्रीन बँक येथे २००० साली पूर्ण झालेल्या दुर्बिणीचा १०० गुणिले ११० मीटरचा परावर्तक हा २०८ मीटर व्यासाच्या कल्पित वाटीचा असाच एक तुकडा आहे.

यावरून एक व्यावहारिक बोध मिळतो. तबकडीचे तोंड थेट उपग्रहाकडे असावे असे समजून कोणी ती ५० अंशांवर कलविली, तर तिची खरी दृष्टी ७५ अंशांवर, रिकाम्या आकाशात जाईल आणि पडद्यावर चित्र उमटणार नाही. छत्री कोठे पाहते, हे तिच्या तोंडावरून नव्हे, तर मूळ वाटीच्या अदृश्य अक्षावरून ठरते.