इलेक्ट्रॉनच्या बंचची लांबी आणि आकार कसा मोजतात?

मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं, की कणत्वरकात इलेक्ट्रॉन सलग धारेनं धावत नाहीत, पुंजक्यांनी धावतात. या पुंजक्याला बंच म्हणतात. आज आपला प्रश्न असा: जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं जाणारा हा बंच मोजायचा कसा?

आधी आवाका बघू. कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या क्ष-किरण लेझरमध्ये बंच 100 फेम्टोसेकंदांच्या आसपास निघून जातो. तेवढ्या वेळात प्रकाश जातो फक्त 30 मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी! आणि नुसती लांबी कळून भागत नाही. लेझरचा जोर बंचच्या दाट भागातून येतो. म्हणून दाटी मधोमध आहे की पुढच्या टोकाला, हेही कळायला हवं.

पहिला मार्ग असा. चुंबकात वळताना बंच प्रारण टाकतो. बंचपेक्षा लांब तरंगलांबीचं प्रारण सगळे इलेक्ट्रॉन जणू एका सुरात देतात. त्याचा वर्णपट मोजला, की लांबीचा अंदाज येतो आणि बंचला धक्काही लागत नाही. पण वर्णपटात फक्त तीव्रता नोंदली जाते, कला म्हणजे फेज हरवते. त्यामुळे बंच उलटा केला, डोकं मागे नि शेपूट पुढे, तरी वर्णपट तोच!

मग काय करायचं? पत्त्यांची मिटलेली गड्डी हातात पंख्यासारखी उघडली, की पान न् पान दिसतं. इथेही तेच करतात. बंच एका पोकळीतून सोडतात. आतलं रेडिओलहरींचं क्षेत्र इतक्या झपाट्यानं बदलतं, की डोकं एका बाजूला ढकललं जातं, मध्य सरळ जातो, शेपूट दुसऱ्या बाजूला. पुढच्या पडद्यावर काळच अंतर होऊन उमटतो.

मोजपट्टीही यातच मिळते. 2856 मेगाहर्ट्झच्या लहरीची फेज 1 अंश सरकवली, तर वेळ सुमारे 0.97 पिकोसेकंद सरकते. ठिपका किती हलला ते पाहिलं, की प्रमाण ठरलं.

पण पडद्यावर आलेला बंच वाया जातो. म्हणून एलसीएलएसमध्ये अशी पोकळी लेझरच्या पुढे बसवली. बंच आधी क्ष-किरण देतो, मग स्वतःचं चित्र देतो. पडद्यावर उभ्या दिशेनं ऊर्जाही पसरवली, तर कोणत्या भागानं किती ऊर्जा गमावली ते दिसतं. त्यावरून क्ष-किरणांच्या स्पंदाचाही आकार कळतो.