पट्टीवरचे दोन पट्टे

‘सिकल आहे, पण आजार नाही,’ उमरेडच्या बसमध्ये एक बाई दुसरीला सांगत होती. हे असं कसं, ते बघायला तालुक्यातल्या एका सिकलसेल तपासणी शिबिरात गेलो.

नाव लिहा, बोट टोचा, थेंब नळीत सोडा. नळीतल्या द्रावणाला गंधकासारखा वास, नाकातून जाता जात नाही. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर सुटलात. द्रावण गढूळलं तर रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे. ते एका पालकाकडून आलं की दोघांकडून, हे मात्र नळीला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस.

टेक्निशियन ताईंनी त्याची जुनी पट्टी दाखवली. निरोगी रक्ताचा एक लाल पट्टा, ‘ए’ हिमोग्लोबिनचा. दोघांकडून ‘एस’ मिळालेल्या, म्हणजे एसएस, रुग्णाचाही एकच, पण मागे रेंगाळलेला. वाहकाचे, म्हणजे एएसचे, दोन. पाठ्यपुस्तक ‘एस’च्या जनुकाला अप्रभावी म्हणतं: जोडीला ‘ए’ असला की झाकला जाणारा. आजारापुरतं खरं आहे; वाहक सहसा धडधाकट असतो. पण इथे पट्टीवर झाकलेलं काहीच नाही. दोन्ही जनुकं आपापलं हिमोग्लोबिन बनवतात, ‘ए’ थोडं जास्त, इतकंच. शिवाय हा एकटा ‘एस’ गंभीर मलेरियापासून वाचवतो, म्हणून तर तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. नागपूर भागातली त्याची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये केली.

‘पयलं पोरगं एसएस निंगालं जी. आता तीन तं चांगले होतीन ना?’ एका आईचा प्रश्न. तिला कुणीतरी पंचवीस टक्के सांगितलं होतं आणि तिने चाराला एक असा हिशेब मांडला होता.

‘नाही बाई. दर खेपेला पंचवीस टक्के.’ आईच्या दोन चिठ्ठ्यांतली एक, बापाच्या दोनांतली एक. दर बाळंतपणाला डबा नव्याने हलवायचा. ताई हे दिवसभर सांगत होत्या. पंचवीस टक्के, दर खेपेला पंचवीस टक्के.

सरकारने १ जुलै २०२३ ला अभियान सुरू केलं, २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचं. नळ्या मोजणं सोपं आहे. त्या आईसोबत आलेली सासू म्हणाली, ‘हे हिच्या माहेरचं.’ सासरचा ‘एस’ मिळाल्याशिवाय नातू एसएस होऊच शकत नव्हता. ताईंनी नवराबायकोची कार्डं शेजारी ठेवली. दोन्हींवर एएस. सासूने सुनेचंच उचललं.