पोलंडचे मुसलमान आणि सोबिएस्कीची सनद

गैरसमज : पोलंड हा पूर्वापार निर्भेळ कॅथलिक देश असून मुसलमान तेथे अलीकडच्या स्थलांतरितांबरोबरच आले.

हे विधान सुशिक्षितांच्या बैठकींतही इतक्या निःशंकपणे केले जाते, आणि तुर्कांविरुद्धच्या १६८३ च्या व्हिएन्नाच्या संग्रामाचा दाखला त्याला इतक्या हटकून जोडला जातो, की ते एकदा नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

वस्तुस्थिती : चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिथुआनियाचा अधिपती व्हितौतास याने तातार मुसलमानांना लष्करी चाकरीच्या बदल्यात जमिनी देऊन ट्राकाय परिसरात वसविले, आणि १४१० साली ग्रुनवाल्डच्या रणांगणावर ट्यूटॉनिक संघाच्या ख्रिस्ती सरदारांविरुद्ध पोलंड-लिथुआनियाच्या बाजूने तातार घोडदळ लढले. १६७२ मध्ये थकलेल्या पगारामुळे आणि हक्कांवर आलेल्या गदेमुळे त्यांच्यातील काही पथके तुर्कांना मिळाली, हे खरे. परंतु त्या फितुरीचे मूळ धर्मात शोधणाऱ्यांनी पुढील घटनाही पाहावी. पोलंडचा राजा यान सोबिएस्की याने १६७९ मध्ये सनदा देऊन थकबाकीच्या मोबदल्यात क्रुशिन्यानी, बोहोनिकी इत्यादी गावांतील जमिनी तातारांना बहाल केल्या. आपल्याकडील सरंजामाच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या वाचकाला यात काहीच अपरिचित वाटू नये. अवघ्या चार वर्षांनी व्हिएन्नाला निघालेल्या याच राजाच्या फौजेत तातार स्वार होते आणि समोर तुर्कांच्या छावणीत वालाकिया-मोल्डाव्हियाच्या ख्रिस्ती तुकड्या होत्या! ज्या संग्रामाला दोन धर्मांचे निखळ युद्ध म्हणून पुनःपुन्हा पुढे केले जाते, त्याच्या दोन्ही सैन्यांची रचनाच त्या कल्पनेला खोडून काढते.

गैरसमज : मशीद म्हटली की घुमट आणि मिनार आलेच.
वस्तुस्थिती : क्रुशिन्यानीची मशीद हिरव्या रंगाची, लाकडी आणि दोन बुरुजांची आहे, बुरुजांवरील चंद्रकोर दिसली नाही, तर ती खेड्यातले चर्चच वाटावी. आत मिहराब, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखविणारा कोनाडा, आहे आणि स्त्रियांसाठी निराळी खोली आहे.

गैरसमज : तातार भाषेने परकेच राहिले.
वस्तुस्थिती : त्यांची मूळ तुर्की बोली केव्हाच मागे पडली, त्यांच्या 'किताब' नावाच्या हस्तलिखितांत लिपी अरबी, पण भाषा बेलारूसी आणि पोलिश आहे.

गैरसमज : मुसलमानांची तेथील संख्या फार मोठी आहे.
वस्तुस्थिती : इप्सॉस संस्थेच्या २०१६ च्या पाहणीत पोलिश लोकांनी लोकसंख्येतील मुसलमानांचे प्रमाण सरासरी सात टक्के मानले, प्रत्यक्षात ते एक दशांश टक्क्याहूनही कमी होते.

गैरसमज : राज्यसंस्थेने त्यांची कधी दखल घेतली नाही.
वस्तुस्थिती : मुस्लिम धर्मसंघाशी राज्याचे संबंध कसे असावेत, हे ठरविणारा कायदा पोलंडने १९३६ सालीच केला, आणि १९३९ च्या युद्धात तातारांचे पथक पोलिश घोडदळात होते. सहा शतके ज्यांनी त्या भूमीसाठी रक्त सांडले आणि ज्यांच्या कबरी त्याच मातीत आहेत, त्यांच्याकडे रहिवासाचा पुरावा मागणे हा इतिहासाचा आणि न्यायाचाही अवमान आहे.