आयझेनहॉवर यांनी वाद का लावून दिला?

ड्वाइट आयझेनहॉवर जानेवारी १९५३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा कोरियात युद्ध चालू होतं आणि तीन वर्षांत संरक्षणखर्च तिपटीच्या वर गेला होता. त्यामागे ट्रुमन यांच्या काळातला ‘एनएससी-६८’ हा दस्तऐवज होता. सोव्हिएत धोका १९५४ च्या सुमारास शिगेला पोहोचेल, असं त्यात धरलं होतं. आयझेनहॉवर यांना ते मान्य नव्हतं. ही चढाओढ कित्येक वर्षं चालणार, तेव्हा अर्थव्यवस्थाच मोडून पडली तर रक्षण कशाचं करायचं, असा त्यांचा सवाल होता.

पण पटवायचं कुणाकुणाला? परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस हे पूर्व युरोपला सोव्हिएत जोखडातून सोडवण्याची भाषा करून निवडणूक लढले होते. अर्थमंत्री जॉर्ज हम्फ्री यांना खर्चाला कात्री लावायची होती. सेनादलांना निधी हवा होता. स्वतः पंचतारांकित जनरल राहिलेल्या अध्यक्षांनी नुसता हुकूम सोडला असता तरी चाललं असतं. पण ज्या हुकमाची अंमलबजावणी पुढे हजारो अधिकारी वर्षानुवर्षं करणार, तो मनातून पटलेला नसेल तर फायलींतच जिरतो, हे लष्करात हयात घालवलेल्या या माणसाला ठाऊक होतं.

मे महिन्यात व्हाइट हाउसच्या वरच्या मजल्यावरच्या सोलारियममध्ये, म्हणजे काचेच्या खोलीत, मोजक्या सहकाऱ्यांसोबत चर्चा झाली आणि तिथून एक योजना निघाली. तीन गट करायचे, प्रत्येकाला एक धोरण द्यायचं आणि ते जणू आपलंच आहे अशा तडफेने मांडायला सांगायचं. वॉशिंग्टनच्या नॅशनल वॉर कॉलेजमध्ये हे गट गुपचूप कामाला लागले. पहिल्या गटाकडे सोव्हिएत विस्ताराला बांध घालण्याचं चालू धोरण होतं. मेजर जनरल जेम्स मॅककॉर्मॅक यांच्या गटाला रेषा आखून ती ओलांडल्यास महायुद्धाची धमकी देण्याचा पक्ष मिळाला. व्हाइस अ‍ॅडमिरल रिचर्ड कोनोली यांच्या गटाला डलेस यांना प्रिय असलेला, सोव्हिएत सत्ता मागे रेटण्याचा.

पहिल्या गटाचं नेतृत्व जॉर्ज केनन यांच्याकडे होतं, ही मला यातली सर्वांत अर्थपूर्ण निवड वाटते. ‘बांध घालण्या’च्या धोरणाचे जनक तेच. नव्या सरकारात डलेस यांनी त्यांना कुठलंच पद दिलं नव्हतं, त्यामुळे परराष्ट्र सेवेतून त्यांची निवृत्ती ठरलेली होती. १६ जुलैला मंत्री, सेनाप्रमुख आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर केनन बोलायला उभे राहिले, तेव्हा पहिल्या रांगेत डलेस बसले होते आणि त्यांना ऐकून घेणं भाग होतं.

मागे रेटण्याच्या पक्षालाही आपलं सर्व बळ मांडायची मुभा होती, आणि त्यातूनच त्याची किंमत उघडी पडली: युद्धाचा वाढता धोका, बिथरणारी मित्रराष्ट्रं. शेवटी आयझेनहॉवर स्वतः उठले आणि त्यांनी तिन्ही मांडण्यांचं सार सांगितलं. महायुद्ध हरण्यापेक्षा वाईट गोष्ट एकच, ते जिंकणं. कारण त्यानंतर व्यक्तिस्वातंत्र्य उरणार नाही, असंही ते म्हणाले.

३० ऑक्टोबरला ‘एनएससी-१६२/२’ हे नवं धोरण मंजूर झालं. त्याचा पाया पहिल्या गटाचा असला तरी दुसऱ्या गटाची धमकीही त्यात मिसळली होती. खर्च आवरायचा म्हणून भूदल घटवून अण्वस्त्रांवर भिस्त ठेवली गेली. ही त्याची भयंकर बाजू होती आणि ती झाकून या प्रयोगाचं कौतुक करणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. शिवाय सगळे पटलेही नाहीत. भूदलप्रमुख मॅथ्यू रिजवे शेवटपर्यंत विरोधात राहिले आणि १९५५ मध्ये निवृत्त झाले. लोकांसमोर डलेस यांची मुक्तीची भाषाही थांबली नाही.

तरीही निर्णयाआधी विरोधी मताला भरभक्कम वकील मिळवून द्यायची ही पद्धत मला मोलाची वाटते. सल्लागार हां जी हां जी करत असतात तिथे तिची गरज जास्त असते. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले, तेव्हा डलेसच परराष्ट्रमंत्री होते आणि अमेरिकेने हंगेरीत सैन्य पाठवलं नाही.